कीबोर्ड खाली जातो

काय बिघडलंय: आपल्या पैंजणांच्या ऑर्डरच्या ॲपमध्ये एक शब्द लिहून झाला की कीबोर्ड आपोआप खाली जातो.

कोणत्या फोनवर: फक्त चाचणीच्या जुन्या फोनवर. तो माझ्या अब्बांचा. हुपरीत पैंजण घडवता घडवता तेच या ॲपची चाचणी करायचे. प्रत्येक शब्दानंतर कीबोर्ड बंद करायचे, फोन लांब धरून वाचायचे, मग पुन्हा उघडायचे. मी हसले की म्हणायचे, "लिवलेलं वाचाय नगो व्हय?"

त्यांना जाऊन तीन महिने झाले.

काय करून पाहिलं: ॲप काढून पुन्हा टाकलं. दुसरा कीबोर्ड लावला. कोडमध्ये कीबोर्ड बंद करणारी ओळच नाही.

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात राजवर्धनसर टेबलापाशी आले.

"हाफिजा, चार वाजता पार्टी येणार हाय. ह्याच फोनवर दाखवायचंय. रिसेट मार की."

"दहा मिनिटं द्या, सर."

"दहाच. घड्याळ लावून बसतो बघ."

रिसेट केला की कीबोर्डची ही सवयही जाणार होती.

मी नावाच्या रकान्यात 'अब्बा' लिहिलं आणि हात मांडीवर ठेवले. कीबोर्ड खाली गेला.

रोज तो वर आणायला मलाच रकान्यावर बोट टेकवावं लागायचं. आज मी बोट उचललं नाही. फोन लांब धरून एक शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गेला.

कीबोर्ड वर आला.

माझे दोन्ही हात अजून मांडीवरच होते.