आधी गप, मग एकदम

खुलताबादचा घाट उतरताना सुदर्शननं आपली लाल गाडी अशी चालवली, की कडूबाईच्या मांडीवरच्या पिशवीतला नारळ जागचा हलला नाही.

तो नारळ या पोराच्या हातात ठेवायचा की परत घरी न्यायचा, हे आज कडूबाई ठरवणार होती. ठेवला की नात संस्कृतीचं लग्न पक्कं. बाकीच्यांनी पोराची डिग्री बघितली, बिडकीनच्या कंपनीतली नोकरी बघितली, शहराच्या सातारा परिसरातलं घरही बघून आले. "तुम्ही कागद बघा," कडूबाई म्हणाली होती, "मी हाकणं बघते. बैल असू दे नायतर मोटार, माणूस कासऱ्यावर कळतो." अन् सरळ त्याच्या गाडीत पुढं जाऊन बसली. त्याच्या घरापर्यंत चल म्हणाली.

आतापर्यंत खोट काढायला जागा नव्हती. वळणावर हॉर्न, तोही बेताचा. दौलताबादच्या दरवाज्यात त्यानं समोरच्या टेम्पोला आधी जाऊ दिलं. शेळ्या आडव्या आल्या, तर शेवटचं करडू पार होईपर्यंत थांबला. तरी कडूबाईला चैन पडेना. पायाची बोटं चपलेत उगाच आवळत होती. आखूड बुडाची ती गाडी हळूच चालली होती, पण आतून गुरगुरत होती. मारक्या गोऱ्ह्याला वेसण घालून बाजारात उभं करावं, तशी.

"एवढीच पळती का रे ही?"

"नाही आजी. टर्बो आहे. पण आज तुम्ही बसल्यात ना."

"टर्बो म्हंजे?"

पोराचा चेहरा खुलला. "पाय दाबला की आधी काहीच होत नाही. वाटतं, ऐकलंच नाही हिनं. अन् मग एकदम! मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. त्या मधल्या क्षणाचीच तर मजा आहे."

कडूबाईचे मालक असेच होते. भाजीत मीठ जास्त पडलं की ताटाकडं बघत बसायचे. आधी गप. मग एकदम. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. अजून कुणी जेवता जेवता गप झालं, की तिचा हात ताटातच थबकतो.

"अन् हे बटण कशाचं?"

"स्पोर्ट. दाबलं की गाडीचा स्वभावच बदलतो. सकाळी कंपनीत जाताना शहाणी, अन् संध्याकाळी..." त्यानं जीभ चावली. "तुम्ही असताना नाही दाबत, आजी."

"मी नसताना कोण असतं गाडीत?"

"कुणी नाही. आई असते कधी कधी."

शरणापूर फाट्याला एक दुचाकीवाला पुढं आडवा घुसला. सुदर्शनचा जबडा आवळला, अंगठा बटणावर गेला. मग त्याला शेजारची म्हातारी आठवली, अन् तो हसला.

कडूबाईनं पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळले.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आणखी हळू झाली. बैलगाडी पुढं निघून गेली असती. समोरून एक पांढरी मोटार आली, तिच्यासाठी रस्त्यात पसरलेल्या कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही. लाल गाडी दिसली, तसं ते उठलं अन् गटारीपलीकडं जाऊन उभं राहिलं. भाजीवाल्यानं तराजू तसाच हातात धरून हातगाडी भिंतीला लावली. दोरीवरच्या उड्या खेळणाऱ्या दोन पोरींना एका बाईनं दंडाला धरून ओट्यावर ओढलं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. रोजचं काम उरकावं, तसं सगळं झालं.

"लई मान देतात रे तुला."

"ओळखतात ना गाडी," सुदर्शन म्हणाला.

हॉर्न वाजायच्या आधीच घराचं फाटक सताड उघडं होतं. त्याची आई आशाबाई फाटक धरून उभी होती. हाताला कणीक तशीच. पाठ भिंतीला चिकटवलेली, साडीच्या निऱ्या गुडघ्यात दाबलेल्या, एक पाऊल दुसऱ्यावर ओढून घेतलेलं. गाडी गोगलगायीच्या चालीनं आत आली. आशाबाईनं डोळे मिटून घेतले.

गाडी बंद करून सुदर्शननं पलीकडून येऊन दार उघडलं. "या आजी. पिशवी द्या इकडं, जड असेल."

"हलकी हाय." कडूबाई गुडघ्यावर हात देऊन उतरली. "मला एक रिक्षा बोलव."

"रिक्षा? घरात तर या! काय चुकलं माझं? हळू नाही का चालवली?"

"चालवली ना. माझ्यासाठी चालवली."

सुदर्शन काहीच बोलला नाही. नुसता पिशवीकडं बघत राहिला. त्याला असं गप झालेलं बघितलं, अन् आशाबाईनं मान खांद्यात ओढून घेतली.

कडूबाई तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. नारळाची पिशवी काखेला होती.

"सोड बाई आता फाटक," ती म्हणाली. "गाडी बंद झाली."

आशाबाईनं मान हलवली. हात काही निघाला नाही.