ब्रेकवरचा पाय

हुडकेश्वरहून निघाल्यापासून मागच्या सीटवर बाबांचा श्वास खरखरत होता. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, एक हात छातीवर ठेवला होता. महिन्याभरापूर्वी घेतलेली गाडी नागसेन दवाखान्याकडे जमेल तितकी दामटत होता. थंडीमुळे काचा वर होत्या.

पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं. आई किंचाळलीच, "बंद पडली काय गा? आताच मराचं होतं काय हिले!"

"नाही वं आई. नव्या गाड्याईचं असंच राहते. उभी राहिली का पेट्रोल वाचवाले इंजिन आपोआप बंद होते. ब्रेकवरचा पाय उचलला का लगेच चालू."

दिवा हिरवा झाला, त्याने पाय उचलला, इंजिन चालू झालं. पुढच्या सिग्नलला तर आईच बाबांना समजावत होती, "भेऊ नका जी, बंद नाही पडली. त्यानं पाय उचलला का होते चालू."

मनीषनगरच्या सिग्नलला लांब रांग होती. इंजिन पुन्हा बंद झालं. या वेळी गाडीत कसलाच आवाज उरला नाही. नागसेनने दचकून मागे पाहिलं. बाबांच्या छातीवरचा आईचा हात इतका वेळ वरखाली होत होता. आता तो हलत नव्हता.

 

"माह्याकडे काहून पाहून राहिला?" आई म्हणाली. "तू पाय उचल ना गा."