खांब आणि कळस

"पोचलो!" निकेत ओरडला. हातातल्या नव्याकोऱ्या जीपीएसने टीं टीं केलं आणि जवान स्मारकाच्या बागेतल्या जास्वंदीत तो गुडघ्यांवर बसला. पाचोळा उपसला, दोन कुंड्या सरकवल्या. डबा काही मिळेना.

हा खेळ त्याची आतेबहीण रिया पुण्याहून घेऊन आली होती. कुणीतरी एक डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा परत तिथेच ठेवायचा. जिओकॅशिंग म्हणतात म्हणे. आपल्या बागेत असा डबा आहे, याचा गावात कुणाला पत्ताच नव्हता.

गुणाजी तांडेल मात्र खेळायला आला नव्हता, सुकाणू वाचवायला आला होता. निकेतच्या घरची बोट तीस वर्षं त्याच्या हाती होती. काल जाळी शिवणाऱ्या चार माणसांत निकेत म्हणाला होता, आता यंत्र आलंय, नारळी पुनवेपासून बोट मीच नेतो. काका, तुम्ही आराम करा. आराम! गुणाजीला तो शब्द माशाच्या काट्यासारखा घशात अडकला होता. आज सकाळी त्याने सरळ पैज लावली.

"यंत्राक डबो गावलो तर सुकाणू तुझा. माका गावलो तर माझा."

यंत्राने निकेतला जास्वंदीतून उठवून चाफ्याखाली नेलं, चाफ्याखालून नळाकडे. "झाडांमुळे होतंय," निकेत कपाळ पुसत म्हणाला.

"नाचता येना, आंगण वाकडा!" गुणाजी मिशीत हसला. पाण्यात वीस पावलं इकडे की तिकडे, कोण विचारतो? नांगरलेली बोटसुद्धा तेवढी फिरते. पण बागेत वीस पावलांत दगड, कुंड्या, बाकडी काय कमी असतात!

हसला खरा, पण त्यालाही अजून बाकड्यामागचा एक बेडूक तेवढा सापडला होता. आणि हा पोरगा चुकून जिंकला तर? स्मारकाच्या दगडावर त्याने तळवा टेकला. त्यावर कोरलेलं तिसरं नाव त्याच्या मुलाचं, यतीनचं होतं.

"बाय, तो कागद बघू," तो रियाला म्हणाला.

कागदावर आकडे होते आणि खाली एक काळपट फोटो.

"हो खंयसून काढलो?"

"डब्यापाशी उभं राहून. तसं लिहिलंय."

गुणाजीने कागद डोळ्यांजवळ नेला. स्मारकाच्या झेंड्याचा खांब, आणि त्याच्या बरोब्बर मागे देवळाचा कळस. जणू खांबावरच ठेवलेला.

"गो बाय, ह्या माका सकाळीच कित्याक नाय दाखवलंस?"

तो खांबाकडे तोंड करून उभा राहिला आणि कळस खांबामागे धरून उलटा चालायला लागला, समुद्राकडे. निकेतही यंत्र विसरून मागून धावला. एका खुणेने नुसती रेष मिळते. जागा मिळायला दुसरी खूण लागते. फोटोच्या डाव्या कडेला पाण्याची टाकी शाळेच्या कौलांना चिकटली होती. गुणाजी उलटा चालत राहिला. टाकी कौलांकडे सरकली, आणखी सरकली...

"चिकटली!" रिया किंचाळली.

गुणाजीची टाच कुंपणाच्या गडग्याला लागली. तो वळला. खालच्या थरातला एक चिरा सैल होता. ओढला, तर आत हिरव्या झाकणाचा डबा!

"गावलो! गावलो रे मेल्या!" साठीचा तांडेल डबा डोक्यावर धरून शाळकरी पोरासारखा नाचला. रियाने टाळ्या पिटल्या, मग वही उघडून तिघांची नावं लिहिली. गुणाजीचं सगळ्यात वर.

निकेतने यंत्र बंद करून खिशात टाकलं. "सुकाणू तुमचाच, काका." थोडा घुटमळला. "पण फोटो बघल्याबरोबर तुमका कळला कसा?"

"खडकांतसून बंदरात येवची वाट हीच. समुद्रातसून खांब आणि कळस एका रेषेत दिसले काय बोट सुखरूप. खांब उभो रवल्यापासून मी तसोच येतंय."

"माका शिकवशात?"

"शिकवतलंय." गुणाजीने डबा आत सारून चिरा परत जागेवर बसवला. "रेष जुळली काय मी हात जोडतंय. बोटीरल्या माणसांका वाटता, देवळाक."