मुलगा काय करतो?

“कायम नोकरी,” मुलाची आई म्हणाली. “पगार थेट बँकेत जमा. आणि बढती तर आता आलीच समजा.”

सर्वेवालीने हातातल्या टॅबवर ‘कायम’च्या चौकटीत बोट टेकवलं. बेरोजगारी मोजायला दारोदार हिंडताना अशी माणसं तिला क्वचितच भेटत. एरवी लोक दार बोटभर उघडत आणि फटीतून कपाळावरच्या आठ्या तेवढ्या दाखवत. इथे तिने “नमस्कार, मी...” एवढं म्हणायचा अवकाश, मुलाच्या आईने “या, या, वाटच बघत होतो” म्हणत तिला हाताला धरून आत नेलं होतं. पंखा तिच्याकडे वळवला होता. ठेवणीतल्या कपांतून चहा आला होता. घरात माणसं किती, कोण किती शिकलंय, मुलगा काय करतो. प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर हजर.

“गेल्या सात दिवसांत त्यांनी साधारण किती तास काम केलं?”

“तास कसले मोजता! रविवारीसुद्धा बोलावतात मेले. याच्याशिवाय पान हलत नाही तिथे.”

मुलगा समोरच बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, नजर स्वतःच्या मोज्यांवर. वडील रिकाम्या बशीत काहीतरी फार महत्त्वाचं सापडल्यासारखे बघत होते.

“आता तुम्ही सांगा,” आईने बिस्किटं पुढे सरकवली. “मुलीला का नाही आणलंत?”

“मुलीला?” सर्वेवाली जरा गोंधळली, मग तिचा चेहराच खुलला. कामावर असताना मुलीची चौकशी कोण करतं? “ती मावशीकडे आहे. दात येतायत ना, फार किरकिर करते. आणि जे दिसेल ते तोंडात घालते.”

आईने बिस्किटं परत मागे ओढली.

मग सर्वेवालीच्या ध्यानात आलं. पिशवीच्या पट्ट्याखाली अडकलेलं ओळखपत्र तिने घाईघाईने बाहेर ओढलं. वडील ते वाचायला पुढे वाकले आणि पोट धरून हसायला लागले.

“अगं, या मुलीकडच्या नाहीत. बेकार पोरं मोजायला आल्यात!”

“मग आधी सांगायचं ना!” आई भडकली.

“तुम्ही सांगू दिलंत कुठे?”

“बरं, झालं ते झालं. लिहिलंय ते राहू द्या तसंच.”

“तसं कसं राहू देऊ?” कामाचा विषय आला की सर्वेवालीचा आवाज आपोआप ठाम व्हायचा. “मावशी, तुमचं घर चिठ्ठी उचलावी तसं निवडलंय. न निवडलेल्या शेकडो घरांच्या वतीने तुम्ही बोलताय. तुम्ही नोकरी आहे म्हणालात, की तेवढ्या घरांतल्या पोरांना नोकरी लागली असं देशाच्या आकड्यात जाणार. मग आपल्या भागातल्या तरुणांना काम नाही, हे कळायचं कुणाला?”

“म्हणजे हिने बसल्या बसल्या शेकडो पोरं कामाला लावली,” वडील डोळे पुसत म्हणाले, “आणि घरातलं एक लागेना!”

“हसा, हसा.” आईचा आवाज चिरकला. “दोन स्थळांना खरं सांगून बघितलं. चहा संपायच्या आत उठून गेली माणसं. हे तिसरं आता येईल. हेही गेलं, तर चौथं कुठून आणू?”

सर्वेवालीने टॅब मांडीवर ठेवला. “इथलं मी बाहेर कुणाकडेही बोलत नाही, मावशी. तशी शपथच असते आमची.” मग ती मुलाकडे वळली आणि प्रश्न पहिल्यापासून विचारू लागली.

“गेल्या सात दिवसांत तासभर तरी पैसे मिळतील असं काम केलंत?”

“नाही.”

“शोधलंत?”

“रोज.”

“उद्या मिळालं तर जाल?”

“आज जाईन.” मग तो पुढे आपणहूनच बोलला. “कंपनीच बंद पडली. गेल्या वर्षी.”

तिने आधीची खूण काढली आणि खालच्या चौकटीत बोट टेकवलं: बेरोजगार, काम शोधत आहे. मुलाचे खांदे सैल पडले. ‘तुझं कुठे चुकतंय’ असं न विचारता हे कुणीतरी पहिल्यांदाच लिहून घेतलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. “तुम्ही याच्या ऑफिसातल्या,” आई सर्वेवालीच्या कानात पुटपुटली आणि दाराकडे धावली.

मुलीची आत्या बोलतबोलतच आत आली. “उशीर झाला हो. हिला ऑफिसातून सुट्टीच मिळत नाही.” मागून मुलगी आली आणि मुकाट्याने खुर्चीच्या टोकावर टेकली.

“आमच्याकडेही तेच!” आई म्हणाली. “या बघा, याच्या ऑफिसातल्या. याच्यावाचून अडलं म्हणून थेट घरी आल्या.”

“हो का?” आत्या सर्वेवालीकडे वळली. “मग तुम्हीच सांगा. कसा आहे मुलगा कामात?”

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. खरं सांगायला शपथ आड येत होती आणि खोटं सांगायला जीभ रेटत नव्हती. तिने टॅब छातीशी घट्ट धरला.

मुलगा उठून उभा राहिला.

“काकू, या ऑफिसातल्या नाहीत. देशात बेकार किती, ते मोजायला आल्यात. माझी नोंद आत्ताच झाली.”

आईने डोळे मिटून घेतले. आत्याने पर्स खांद्याला लावली. “चल गं.”

मुलगी उठली नाही. उलट टोकावरून सरकून खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

“थांब ना, आत्या,” ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. “तुम्ही कुठे कुठे अर्ज केलेत? मी जानेवारीपासून शोधतेय.”