उतरलेला गंधार

अस्मिताने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप केलं आणि स्क्रीन बापासमोर धरली: पप्पा, अंतऱ्यातला गंधार कुठला? जुना, का आत्ताचा?

महिपतींनी चष्मा वर सरकवून वाचलं. "गंधार एकच असतो," ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा. मोरिवलीच्या नाक्यापर्यंत गेला असेल.

एकच असता तर प्रश्नच नव्हता. उद्या उल्हासनगरच्या स्टुडिओत ती धून रेकॉर्ड व्हायची होती आणि वाजवणार होती अस्मिता. धून महिपतींची, वर्षानुवर्षं घासूनपुसून केलेली. विहारात वंदना झाली की ते व्हायोलिन काढायचे आणि चपला घालून निघालेली माणसं परत आत येऊन बसायची. धुनेचं नाव विचारलं तर म्हणायचे, "नाव ठेवायला ती काय पोरगी आहे?" नोटेशन मात्र कधी लिहू दिलं नाही. कागदावर नुसता 'ग' लिहिता येतो, तो किती उतरलेला ते लिहिता येत नाही, हा त्यांचा हट्ट. अस्मिताकडे त्यांची दोन रेकॉर्डिंग होती. जुन्यात गंधार सरळ कोमल. अलीकडच्यात आणखी केसभर खाली, ऐकताना जीव कासावीस व्हावा असा. तो त्यांनी मुद्दाम उतरवला होता, की कानांनी दगा दिला होता, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

कानांची गोष्ट सांगण्यासारखी नाही. कंपनीत ते प्रेसवर होते. प्रेसवर बोटं जातात, म्हणून साहेबाच्या हातापाया पडून त्यांनी कंप्रेसर रूममध्ये बदली करून घेतली होती. त्या आवाजात दुसरं कोणी उभं राहायला तयार नसायचं. रिटायर झाले तेव्हा घरी येऊन त्यांनी हाताची सगळी बोटं पसरून दाखवली आणि लहान मुलासारखे हसले.

"नको गं विचारूस त्यांना," कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या मनाला येईल तसा वाजव. कोणाला कळतंय?"

"धून त्यांची आहे, आई. माझ्या मनाचं कसं घालू त्यात?"

कुंदाने घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

महिपतींनी खूण केली, इकडे आण. व्हायोलिनच्या लाकडाला हनुवटी टेकवली की सूर हाडातून आत येतो, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. पावसाळ्यापर्यंत त्यावर भागत होतं. अस्मिता उजवा पाय पुढे करून त्यांच्यासमोर बसली, व्हायोलिन छातीशी धरलं. ते सरकत जवळ आले, वाकले, हनुवटी लाकडावर दाबली आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट तिला इतक्या जवळून दिसले की तिला रडूच आलं. तिने गज उचलला.

आधी जुना गंधार. सबंध गज, सावकाश. मग षड्जावर थोडं थांबून ती त्या दुसऱ्यावर आली, खालच्या. लागला मात्र, तिचा तिलाच काटा आला. असा सूर चुकून लागत नाही. पण तिला वाटून काय उपयोग, त्यांनी म्हणायला हवं होतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी उद्याचं निभावलं असतं. तिने तो लांबवला, गज उलटवून पुन्हा लांबवला. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

महिपतींनी हनुवटी आणखी घट्ट दाबली. कपाळावरची शीर फुगली. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"हं. हा झाला जुना," ते म्हणाले. "आता दुसरा वाजव."