पाच मिनिटांत होल्डर

तिसरा घाव पडला तेव्हा बी-श्याने हातातला मायक्रोमीटर खाली ठेवला. आठ ग्राइंडिंग मशीनांच्या घरघरीतूनही तो आवाज तिला ओळखू आला. कोणीतरी मशीनच्या दांड्यावर, स्पिंडलवर, हातोडी घालत होतं.

चार नंबरच्या मशीनचं दार सताड उघडं होतं आणि थ्वी कमरेपर्यंत आत शिरली होती. बाहेर मॅनेजर च्येन मोबाइलवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. "साडेतीन मिनिटं झाली," तो म्हणाला. "जोर लाव."

घासायचा तुकडा पकडणारा होल्डर स्पिंडलमध्ये अडकला होता, हे बी-श्याला दिसलं. मग तिला दुसरं काही दिसलं. थ्वीच्या कोपरापासून वीतभर अंतरावर ग्राइंडिंगचं चाक गरगर फिरत होतं.

तिने लाल बटणावर मूठ आपटली आणि थ्वीचा कमरपट्टा धरून तिला मागे खेचलं. दोघी धडपडत जमिनीवर बसल्या.

"मेली असतीस की गं!"

"श्याताई, मध्ये पडू नका," च्येन म्हणाला. "वेळ चालू आहे."

"तुमची वेळ चालू आहे. हिचा हात बंद पडला असता." बी-श्या उठली. सव्वीस वर्षांत तैवानमधल्या तायचुंगच्या या कारखान्यात तिने आवाज चढवला नव्हता. आज तो आपोआप चढला. "दार उघडल्यावर चाक थांबायला हवं. थांबलं का नाही?"

उत्तर तिलाच सापडलं. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे दार मिटल्याचं मशीनला कळतं, तिथे चुंबकाचा तुकडा काळ्या चिकटपट्टीने घट्ट बसवला होता. दार उघडं असलं तरी मशीनला ते मिटलेलंच वाटत होतं.

"कोणी लावली ही?"

थ्वी गुडघ्यावरची धूळ झटकत होती. व्हिएतनामहून येऊन तिला दोन वर्षं झाली होती. "मीच, ताई. दार उघडलं की सगळं बंद पडतं. परत चालू करायला तीन मिनिटं जातात. तीही मोजतात." तिने भिंतीवरच्या फळ्याकडे नजर टाकली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : अडकलेला होल्डर, पाच मिनिटांत. खाली थ्वीचं नाव लाल शाईत पाच वेळा होतं. "सहाव्यांदा आलं की करार वाढवत नाहीत."

"पट्टी लावा असं मी कुणालाही सांगितलेलं नाही," च्येन म्हणाला.

"नाही सांगितलंत. पाच मिनिटांत काढा म्हणालात. मशीन परत चालू करायची तीन हिने कुठून आणायची, माहेरहून?"

पलीकडच्या मशीनवर कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"आता बोलत बसलात तर दहाही होतील," च्येन म्हणाला. "काढा तो आधी."

"काढते. पण तुमच्या पद्धतीने नाही." बी-श्याने त्या चुंबकावरची पट्टी ओरबाडून काढली. "चहाच्या सुट्टीआधी स्पिंडल तापलेला होता. त्यात थंडगार होल्डर घातला आणि मशीन बंद केलं. स्पिंडल गार होत आवळत गेला. आता हातोडी मारून तो होल्डर सोडेल होय? बेअरिंग तेवढं फुटेल. थ्वी, समोरच्या चहावालीकडून पिशवीभर बर्फ आण. माझं नाव सांग."

थ्वी धावत गेली. बी-श्याने पाना उचलला, दार लावलं आणि होल्डरसकट स्पिंडल नुसताच फिरवत ठेवला. च्येन पाय बदलत उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हातातला पाना कुठे गेला असता, याची तिला खात्री नव्हती.

स्पिंडल तापल्यावर तिने मशीन थांबवलं. चाक पुरतं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग दार उघडून बर्फाची पिशवी होल्डरला लपेटली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. बोटं बधिर झाली तशी थ्वीने तिच्या हातावर हात ठेवले. थोड्या वेळाने बी-श्याने होल्डर खेचून काढायचा नट पाव वळसा फिरवला. दुधाचा दात पडावा तसा होल्डर तिच्या तळहातात आला.

"एकोणीस मिनिटं," च्येन म्हणाला. त्याने लाल पेनाचं टोपण काढलं. "नियम सगळ्यांना सारखा. कोणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या. मोठ्या अक्षरांत लिहा."

त्याने खरंच लिहिलं. पेन फळ्यावर करकरलं, आणि त्या आवाजाने बी-श्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं. ती पहिल्या मशीनपाशी गेली, लाल बटण दाबलं, कोपऱ्यातली पट्टी फाडून खाली टाकली. दुसऱ्यावरही पट्टी होती. तिसऱ्यावरही. कोणी पारदर्शक वापरली होती, कोणी औषधाच्या दुकानातली पांढरी. प्रत्येक मशीनपाशी उभा असलेला माणूस तिच्याकडे न बघता बाजूला होत होता. "लाज नाही वाटत?" ती प्रत्येकाला विचारत होती. "घरी बायकापोरं आहेत ना रे? घरी काय, एक हात घेऊन जायचं ठरवलंय?"

सात मशीनं बंद झाली. कारखान्यात एकाच मशीनची घरघर उरली, आणि रस्त्यावरच्या स्कूटर ऐकू येऊ लागल्या.

"ताई," मागून थ्वी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुमचं राहिलं."

"माझ्यावर कुठली?" म्हणत बी-श्या आपल्या मशीनकडे वळली आणि थांबली.

कोपऱ्यात चुंबक होता. त्यावरची पट्टी जुनी होती, कडा तेलाने काळवंडलेल्या. काढताना नख घालता यावं म्हणून तिचं एक टोक नीट दुमडलेलं होतं. सगळ्या कारखान्यात टोक असं दुमडणारी एकच बाई होती.

तिने लाल बटण दाबलं. दुमडलेलं टोक धरून पट्टी ओढली. पट्टी आली, गोंद तिथेच राहिला.

च्येनने लांबून काहीतरी विचारलं. बी-श्या नखाने गोंद खरवडत राहिली.