आत्याचा मान

पाळण्याला फुलांची माळ बांधून झाली, समई लागली, आणि अंबुजा पदर खोचून पुढे झाली. तेवढ्यात तिची आई सुमित्राबाई आडव्या आल्या.

"तू राहू दे गं. बाळाच्या कानात नाव वेदवती सांगेल."

अंबुजाला आधी थट्टाच वाटली. मनोहर तिचा एकुलता भाऊ, त्याला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगी झालेली. बारशाला कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सख्खी आत्या ती एकटी. वेदवती चुलत बहीण. शाळेत मास्तरीण, जीभ कशी घडाघडा चालणारी.

"मी का न-न-न—"

"का म्हणजे? हे असं होतं म्हणून," सुमित्राबाई म्हणाल्या. "पोरीच्या कानात पहिला शब्दच तुटका पडला तर जन्मभर तशीच बोलेल. एकीचं भोगतेय तेवढं साकु, पुरे झालं."

जिभेचं दुखणं कानावाटे लागतं म्हणे! कुठल्या वैद्यानं सांगितलं देव जाणे. पण कानडी मुलखातल्या लष्कर मोहल्ल्यात, त्या माजघरात खच्चून बायका बसल्या होत्या, आणि एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

अंबुजा मात्र तयारीनं आली होती. मागच्याच महिन्यात ती वाचेच्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथं शिकणाऱ्या एका मुलीनं तिच्या कानाला यंत्र लावून आवाजांच्या जोड्या ऐकवल्या, सारखे की वेगळे ते विचारलं; एकही चुकली नाही. मग भराभर चित्रं पुढे टाकली, नाव सांगा म्हणाली. छत्री निघाली, माकड निघालं, ताटावर गाडी अडली ती अडलीच. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आता आवाज काढू नका. कुजबुजून सांगा, कुणाच्या कानात सांगितल्यासारखं." आणि काय सांगावं! ताट काय, तराजू काय, चित्र टेकायच्या आत शब्द हजर. "शब्द तुम्हाला वेळेवर सुचतो हो," मुलगी म्हणाली, "दारात अडतो, एवढंच." घरी येताना अंबुजा रस्ताभर कुजबुजत आली होती. बाळाचं नाव तुंगा ठेवा, हेही तिनंच सुचवलं. 'त' तिचा जन्माचा वैरी, तरी.

हे सगळं आता आईला सांगायला हवं होतं. ती आईच्या कानाशी वाकली. सुमित्राबाईंनी मान मागे घेतली.

"चारचौघांत कानाला काय लागतेस? बोलायचं ते मोठ्यानं बोल."

सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावर.

"म-मला कु-कु— म-म-मला क-क—"

"कळतंय तिला," वेदवतीची आई सरस्वतीबाई मधेच म्हणाल्या. "समजूतदार आहे आमची अंबुजा. उगाच का हट्ट करेल?"

झालं, वाक्य पुरं झालं. या घरात हे रोजचंच. 'त' म्हटलं की ताकभात ओळखायची सगळ्यांना घाई; तिला तूप हवं असलं तरी पानात ताकच पडायचं. तिनं भावाकडे पाहिलं. मनोहर दारात उभा होता, नजर जमिनीला.

"होगली बिडु अक्का," तो कानडीत पुटपुटला. "जाऊ दे. आई म्हणतेय ना."

शेळपट मेला! अंबुजाच्या मनात आलं, आणि तिथं मात्र ते कुठंही अडलं नाही.

वेदवती पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात नाव सांगून तिनं 'कुर्रर्र' केलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी हसत हसत तिच्या पाठीवर धपाधप धपाटे घातले. लहानपणापासून अंबुजानं ते धपाटे दुसऱ्यांच्या पाठीवर पडताना पाहिले होते. ते खायला आत्या व्हावं लागतं. ती झाली होती, तरी भिंतीला टेकून उभी होती. तिनं शिवलेली रेशमी कुंची तेवढी बाळाच्या डोक्यावर होती.

मग पानं मांडली गेली, बाळंतीण आतल्या खोलीत जरा आडवी झाली आणि माजघर रिकामं झालं. अंबुजा पाळण्याशी गेली. कुंचीची नाडी सैल केली आणि वाकली.

"तुंगा," ती कुजबुजली. "तुंगा, तुंगा. तुझं नाव तुंगा गं, आणि मी तुझी आत्या. ताईत माझा तू. तान्हुली माझी."

एक अक्षर अडलं नाही. बाळानं तिच्याकडे मान वळवली. अंबुजाला हसू आलं, रडूही आलं.

"कुर्रर्र," ती म्हणाली.

आणि तिच्या पाठीवर धपाटा बसला.

क्षणभर तिला वाटलं, कुणाला तरी आपली आठवण झाली. हसतच तिनं वर पाहिलं.

सुमित्राबाईंनी तिला बाजूला लोटलं, पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि बाळाचा कान आतपर्यंत पुसून काढला.